बिल्ला आणि ओटी

डोळा लागायच्या आधी जे काही कानावर येतं ते ऐकत मी पडले आहे. बाहेरच्या सोप्यात खुर्च्या सरकवतायत. परसात कुणीतरी पातेलं घासतंय, त्याची करकर. स्वप्नाली हसते, हसता हसता तिला ठसका लागतो, आणि कुणीतरी ओरडतं, "अगं पाणी द्या तिला, सातवा हाय!" दुपारचे अडीच वाजलेत. पाचला बायका यायच्या आहेत. जानेवारीची थंडी भरदुपारी फरशीतून वर येते, म्हणून वाकळ हनुवटीपर्यंत ओढून घेतली आहे. सकाळची साडी बदललेली नाही. छातीवरचा बिल्लाही काढलेला नाही. कुशीवर वळलं की टोचतो.

आधी त्या बिल्ल्याचं सांगून घेते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझा नवरा, नायक हिंदुराव फडतरे, चोवीस वर्षांपूर्वी काश्मिरात ड्यूटीवर असताना बर्फाच्या कड्याखाली गेला. मी तेव्हा वीस वर्षांची. पोटात स्वप्नाली. तेव्हापासून सरकारी कागदावर मी वीरपत्नी. हा शब्द मला कुणी विचारून दिलेला नाही. गावात त्याच बाईला दुसरा एक शब्द आहे, तोही कुणी विचारून दिला नव्हता. तो तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही.

आज सव्वीस जानेवारी. सकाळी तालुक्याच्या मैदानावर झेंडावंदन झालं आणि मग आम्हा बायकांना ओळीनं स्टेजवर बोलावलं. यंदा शाल-नारळ नाही, यंदा बिल्ला. गोल, पिवळा, मधे ज्योत, खाली अक्षरं. दोन जातीचे बिल्ले होते. आईला वीरमाता, बायकोला वीरपत्नी. खोकं घेऊन बसलेल्या कारकुनानं यादीकडं बघितलंच नाही, माझ्या डोक्याकडं बघितलं. माझे केस पस्तिशीतच पिकले. त्यानं वीरमाता काढला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेब बिल्ला लावायला पुढं आले आणि तो कुठं लावायचा हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच हवेत राहिला. बिचाऱ्याचे कान लाल झाले. मग त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "आपणच लावून घ्या, माताजी."

मी वाचलं. "साहेब," मी म्हटलं, "मी आई न्हाई, बायको हाय."

माईक चालू होता. सगळं मैदान हसलं. माझी सासू जाऊन चार वर्षं झाली, आणि मी तिथं उभी, तिच्या नावाचा बिल्ला हातात घेऊन.

खाली उतरल्यावर कारकून म्हणतो, "मावशी, घ्या की. वीर तर दोन्हीत तेच आहे." मी त्याला जे बोलले ते त्याच्या घरच्यांनी ऐकलं नाही हे बरं झालं. पण बिल्ला लावला. का लावला, मलाच ठाऊक नाही. कोटाची पिन ती, माझ्या साडीत ठरेना. पदर फाटायला लागला म्हणून शेवटी ब्लाऊजला लावला, आणि वरून पदर आला. म्हणजे मिळाला तो झाकायलाच.

घरी आले तर विहीणबाई आलेल्या. स्वप्नालीचं डोहाळजेवण आज माझ्या घरी आहे. विहीणबाई बाई चांगल्या. माझ्या लेकीला त्यांनी कधी ताटावरून उठवलं नाही. त्यांनी पदराआडून दिसणारा बिल्ला बघितला, दोन्ही हात जोडले, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा मान लई मोठा हो. तुम्ही खुर्चीवर बसा समोर. ओटीचं तेवढं तुमच्या जाऊबाई करतील. पहिली ओटी सवाष्णीच्या हातची असू द्या. पोटातल्याचा विचार करायचा, दुसरं काय न्हाई."

मी स्वप्नालीकडं बघितलं. ती हिरव्या बांगड्या मागंपुढं करत राहिली.

बाहेरच्या कुणाचं मी काही ऐकून घेत नाही. पण लेकीच्या त्या गप्प बसण्यानं माझ्यातलं सगळं वारं गेलं. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मलाही भीती वाटते. चोवीस वर्षं लोकांनी हात मागं घ्यायला शिकवलं की हातालाच वाटायला लागतं, आपल्यात काहीतरी आहे. आज मी हट्टानं ओटी भरली आणि उद्या त्या बाळाला काही झालं, तर? तोंडानं मी कितीही भांडेन. आत मात्र हेच चालू आहे.

डोक्यावरून वाकळ घेते. पातेल्याची करकर लांब जाते.

"आई, चहा ठेव की जरा."

काळ्या ट्रंकेवर कुणीतरी बसलंय. आधी बूट दिसतात, ओले, नाड्या सुटलेल्या. मग पँटचा गुडघा. मग हात, दोन्ही गुडघ्यांत घालून चोळत असलेले. तरणाबांड पोरगा आहे. मिशी नीट कापलेली.

मी मागं वळून बघते. सासू आली असेल असं वाटतं. मागं भिंतच आहे.

"कुणाला आई म्हणतोस?"

"हे बघ," तो माझ्या छातीकडं बोट दाखवतो. "वीरमाता लिहिलंय की." मग बारीक डोळे करून बघतो. "केस किती पिकले गं आई तुझे. आणि बारीक झालीस. शालन कुठं गेली? पाण्याला?"

मला रडू येत नाही, राग येतो. चोवीस वर्षांनी भेटतोय आणि कारकुनासारखंच बघतोय.

"व्हय, पाण्याला गेली. चोवीस वर्षं झाली, अजून भरतीय."

तो उठतो. डोकं वाकडं करतो, लांबून कुणीतरी हाक मारल्यावर करतात तसं. "आवाज शालनचा," तो म्हणतो. "तोंड आईचं."

"तोंड माझंच हाय. तुम्ही बघितलं न्हाई, आम्ही काय करायचं?"

मग तो जवळ येतो. त्याच्या अंगाला कसलाच वास नाही, एवढंच मला खटकतं. माझ्या उजव्या भुवईवरची खूण तो बोटानं चाचपतो. लग्नाआधी उसाच्या पाचटानं कापलेली ती खूण. मग मटकन ट्रंकेवर बसतो, पण ट्रंक नसते. ते एसटी स्टँडवरचं सिमेंटचं बाकडं असतं, आणि मी त्याच्या शेजारी बसलेली असते.

हेच बाकडं. इथूनच तो शेवटचा गेला. फलाटावर सकाळच्या स्टेजवरचं लाल जाजम अंथरलंय आणि त्यावर शेंगांची टरफलं पडलीत. लाऊडस्पीकरवर कुणीतरी गाड्यांची नावं सांगतंय. नीट ऐकलं तर गाड्यांची नाहीत, माणसांची नावं आहेत. शिपाई अमुक, हवालदार तमुक. एक एसटी येऊन थांबते. खिडकी खिडकीला बाई. नऊवारीतल्या आहेत, सहावारीतल्या आहेत, एक तर माझ्या आजीच्याही आजीसारखी. सगळ्यांचा डावा हात छातीवर, पदराच्या आत. कुणी उतरत नाही. गाडी पुढं जाते.

"ह्या कोण?" तो विचारतो.

"तुमच्या बाजूला जे असत्यात ना, त्यांच्या बायका."

"हात तिथं का धरलाय सगळ्यांनी?"

"बिल्ला पडू नये म्हणून. बायकांच्या पदराचा विचार करून कुणी पिन केली न्हाई."

तो हसतो. ते हसणं तसंच आहे, एक दात दुसऱ्यावर चढलेला. "आमच्याकडं बिल्ले चालतच न्हाईत. फीत, पट्टी, मेडल, सगळं आत शिरताना काढून घेत्यात."

"आणि ठेवत्यात कुठं?"

"ढीग हाय एक. मोठ्ठा. इंग्रजाच्या काळातलेबी हायत त्यात. गंजलेले."

"नावं लिहिलेली?"

"कोण वाचतंय गं."

मी त्याच्याकडं नीट बघून घेते. सत्तावीस वर्षांचा आहे. माझा जावई एकोणतीस वर्षांचा. त्याच्या गळ्यावर वस्तऱ्यानं कापल्याची बारीक रेघ आहे, ताजी. एवढ्याशा पोराला मी अहो-जाहो करत होते. एवढ्याशा पोराच्या नावानं चोवीस वर्षं भिंतीला पाठ लावून बसले.

"बोलला न्हाईस काय मग एवढ्या दिवसांत? स्वप्नातबी आला न्हाईस."

तो झटकन माझ्याकडं बघतो. "मला तू म्हणतीस?"

"सतरा वर्षांनी मोठी हाय मी तुझ्यापेक्षा. म्हणणारच. आता काय करतोस, सासूला सांगतोस?"

"आई कुठाय?"

"गेली. चार वर्षं झाली. तुझ्याकडं न्हाई आली?"

"आमच्याकडं फक्त फौजी," तो म्हणतो, आणि बुटाची सुटलेली नाडी बांधायला वाकतो. मग हळूच, "तिला मिळाला का असला बिल्ला?"

"ती होती तवा निघालेच नव्हते. आज निघाले, तर तिचा चुकून माझ्या अंगावर आला."

"मग काढू नगंस. आईचा हाय म्हणून ऱ्हाऊ दे."

यावर मी भांडणार होते. त्याची आई मला काय काय बोललीय याची यादी माझ्याकडं आहे, आणि ती मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पण तिच्याविषयी दुसरं एक आहे. तार आल्यावर दोन महिने ती माझ्या शेजारी झोपायची, माझ्या पोटावर हात ठेवून. पोर हलली की अंधारात नुसतं "हाय" म्हणायची. "हाय. हाय." मी जागीच असायचे. कधी बोलले नाही.

"पोरगी झाली," मी त्याला सांगते.

"व्हय?" तो एकदम सरळ बसतो. "वेणू!"

"वेणू न्हाई. स्वप्नाली."

"हे काय नाव झालं? मी पत्रात लिहिलेलं, पोरगी झाली तर वेणू ठेवायचं."

"पत्र आलं. तुझी आई म्हणाली, गेलेल्यानं सुचवलेलं नाव नगं."

"मग हे कुणी ठेवलं?"

"दवाखान्यातल्या नर्सनं. तिला कुठल्या तरी मालिकेतलं आवडायचं."

तो कपाळावर हात मारून घेतो. "नाक कुणासारखं?"

"नाक माझं. हट्ट तुझा. पण आज गप्प बसली. आज तिनं हट्ट करायला पाहिजे व्हता आणि गप्प बसली."

मग मी सगळं सांगते. सातवा महिना, विहीणबाईंचं गोड बोलणं, जाऊबाईंच्या हातची पहिली ओटी, समोरच्या खुर्चीवर माझा मान. सांगताना बाकड्याचं सिमेंट पांढरं होत जातं. जाजम पांढरं होतं. टरफलं दिसेनाशी होतात. आम्ही चालतोय, आणि माझे पाय घोट्यापर्यंत बर्फात आहेत. गार लागत नाही. फक्त साडीचे काठ जड झालेत. चहूकडं काहीही नाही, आणि त्या काहीही नाहीमधून कुठूनतरी आमच्या परसातली पातेल्याची करकर येते.

"मग भर की तू," तो म्हणतो. "त्यात काय इचारायचं?"

"तुला काय जातंय बोलायला."

"तू कुणाच्या बापाला भ्यायची न्हाईस. पाटलाला तोंडावर बोललीवतीस तू, नवी नवरी असताना."

"माणसाला न्हाई भ्याले मी," मी म्हणते, आणि आवाज फाटतो. "हाताला भिते. माझ्या हाताला. त्यात काय असलं तर? कोण म्हणतं नसतं, पण असलं तर? तू गेलास तो माझ्यामुळं का न्हाई हे मला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं न्हाई. सगळे म्हणाले, नशीब. कुणाचं नशीब, ते कुणी बोललं न्हाई, पण बघायचे माझ्याकडं."

तो थांबतो. पुढं बर्फाचा एक उंचवटा आहे, वाकळ पांघरून कुणीतरी कुशीवर झोपावं तसा.

"हे तिथलं," तो म्हणतो. "इथं मी."

मी बघत नाही. मग बघते. नुसता बर्फ आहे.

"लागलं का?"

"आवाज झाला. मग न्हाई काय." मग तो विचारतो, "माझा दिवस कधी घालता?"

"वीस फेब्रुवारीला. शाळेची पोरं येत्यात चौकात. सरपंच भाषण करतो, तुझं नाव दरसाल चुकतो."

"वीस? मी सोळाला गेलो की. सोळाला दुपारी कडा आला. चार दिवस सापडलोच न्हाई."

"कागदावर सोळाच हाय. पण तार विसाला आली. तुझी आई म्हणाली, सुतक कळल्यापासनं धरायचं, दिवस बी कळल्यापासनंच धरायचा. गावानंबी तसंच धरलं. चौकातल्या दगडावरसुद्धा वीसच घातलंय."

"बरं. आणि तुझी ओटी कधी भरली?"

"भरली की, सातव्यात. अठरा..."

मी मधेच थांबते.

अठरा. रविवार होता. मला सगळं आठवतं. हिरवं लुगडं, फुलांची वाडी, चाफ्याच्या वासानं मला मळमळलं होतं. गावातल्या एकवीस सवाष्णी ओळीनं आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, कानाशी लागून चेष्टा केली. जाऊबाईंनी पहिली भरली. सासूनं दृष्ट काढली. एकवीस जणींनी माझी ओटी भरली आणि तेव्हा मी दोन दिवसांची विधवा होते.

कुणाला माहीत नव्हतं. पोटातल्या पोरीलाही माहीत नव्हतं. ती एप्रिलात झाली. तीन किलोची, रडून दवाखाना डोक्यावर घेतला.

तीन तारखा माझ्या डोक्यात चोवीस वर्षं पडून होत्या. मी त्या एका ओळीत कधी मांडल्याच नाहीत. मांडायला कुणी सांगितलंच नाही. कळलं तेव्हापासून विधवा, हे मीही धरून चालले, सगळ्यांबरोबर.

आणि मला हसू यायला लागतं. आधी नाकातून, मग पोटातून. हिंदुराव आधी दचकतो, मग तोही सुरू होतो. आम्ही दोघं त्या उंचवट्याशेजारी उभं राहून, एकमेकांचे दंड धरून हसतो.

"म्हणजे माहीत नसलं की चालतंय," तो दम खात म्हणतो.

"चालतंय! माहीत नसलं की विधवेचीबी ओटी भरत्यात, आणि पोरगी तीन किलोची होती!"

"आईला सांगायला पाहिजे व्हतं."

"तिनं मला झाडूनं मारली असती."

हसणं ओसरतं. माझे गाल ओले आहेत, ते कशानं ते कळत नाही. तो माझ्या पदराकडं बघतो. मग म्हणतो, "पसर."

"काय?"

"पदर पसर की."

"येडा झालास का? ओटी बायका भरत्यात. पुरुषानं भरायची नसती."

"मेलेल्याला कसला पुरुष नि कसली बाई?"

"आणि माझी कशाला? माझ्या ओटीत चोवीस वर्षं कुणी सुपारी टाकली न्हाई."

"म्हणूनच," तो म्हणतो. "तवा मी यायचा व्हतो. रजा मंजूर झालीवती. आलो न्हाई. पसर आता."

मी पदर पसरते. तो खाली बसतो, ओंजळीनं बर्फ उचलतो आणि माझ्या पदरात टाकतो. त्याला काही येत नाही. बर्फ इकडंतिकडं सांडतो. पहिली ओंजळ, दुसरी. तोंडानं काहीतरी पुटपुटतोय, ते मंत्र नाहीत, परेडचे आकडे आहेत.

"हळू की रे. आणि हे वितळंल. घरी जाईस्तवर पाणी व्हईल."

"न्हाई व्हणार."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत न्हाई तर कुणाला? चोवीस वर्षं ह्यातच हाय मी."

पदर जड होतो. तो गाठ मारायला बघतो, पण त्याची बोटं अजून गोठलेली आहेत, गाठ बसत नाही. मीच दोन्ही हातांनी कडा गोळा करून धरते. तो उभा राहतो. आता त्याचं तोंड नीट दिसत नाही, पांढऱ्यावर पांढरं. मला आठवतं की त्याला एक विचारायचं राहिलं. त्रास झाला का, हे नाही. दुसरंच काहीतरी, घरातलं, साधं. ते ओठावर येतं आणि जातं.

"वेणूला सांग," तो म्हणतो.

"काय सांगू?"

"तिचं नाव वेणू हाय म्हणून."

"स्वप्नाली!" मी ओरडते. "तिचं नाव स्वप्नाली हाय, आता काय बदलत न्हाई!"

"आई?"

"मी आई न्हाई तुझी, किती वेळा..."

"आई, अगं ऊठ. किती वेळ हाका मारतेय. सगळ्या आल्यात."

दारात स्वप्नाली उभी आहे. हिरवी साडी, मुंडावळ्यांसारख्या फुलांच्या माळा, हातात धनुष्यबाण नाही म्हणून कुणीतरी आत्ताच तिची चेष्टा केलेली असणार, गाल लाल आहेत. तिच्यामागं विहीणबाई. सोप्यातून बायकांचा कलकलाट येतोय. ऊन भिंतीवर चढलंय.

मी उठायला जाते आणि उठता येत नाही. पदर जड आहे. माझे दोन्ही हात वाकळीच्या आत पदराच्या कडा घट्ट धरून बसलेत. मी वाकळ सरकवते.

पदरात तांदूळ आहेत. ओंजळभर नाहीत, खूप आहेत. पांढरे, कोरडे, आणि इतके गार की साडीतून मांडीला गारवा लागतोय. कोपऱ्यात ओटीच्या तांदळाची परात आहे. तिच्यावरचं फडकं जाऊबाईंनी दुपारी खोचलं होतं तसंच चारी बाजूंनी खोचलेलं आहे.

स्वप्नाली पदराकडं बघते. परातीकडं बघते. मग माझ्याकडं.

"आई, तुझी ओटी कुणी भरली?"

"तुझ्या बापानं."

विहीणबाई पुढं होतात. "अहो, असं काय बोलता? बरं न्हाई का वाटत? जरा पाणी घ्या. बाहेर बायका खोळंबल्यात, जाऊबाई नारळ घेऊन बसल्यात..."

"विहीणबाई," मी म्हणते. मी उठून उभी राहिले आहे, पदर दोन्ही हातांत. आवाज चढवायची गरज पडत नाही. "हिच्या वेळी माझी ओटी भरली अठरा तारखेला. हिचा बाप गेला सोळाला. आम्हाला कळलं विसाला. म्हणजे ही पोटात असताना एकवीस सवाष्णींनी एका विधवेची ओटी भरली. कोपली का कुठली देवी? बघा तिच्याकडं. काय कमी हाय तिच्यात, तुम्हीच सांगा, तुम्ही तर पसंत करून नेली."

विहीणबाई मनात हिशेब करतायत, ओठ हलताना दिसतात. सोळा. अठरा. वीस. रागानं नाही, खरंच करतायत.

मी स्वप्नालीकडं बघते. आता मी काही बोलणार नाही. दुपारी ती गप्प बसली, तिला बसू दे. तिचं पोट आहे, तिचं बाळ आहे. तिनं मान हलवली तर हे तांदूळ मी परत परातीत ओतीन आणि खुर्चीवर जाऊन बसेन. खरंच बसेन. भांडणार नाही.

स्वप्नाली बांगड्या मागंपुढं करते. एकदा. मग हात सोडते. पोटामुळं तिला नीट वाकता येत नाही, म्हणून ती उंबऱ्यातच भिंतीला पाठ टेकते आणि हिरव्या साडीचा पदर दोन्ही हातांनी माझ्यासमोर पसरते.

"भर," ती म्हणते. "माझे पाय दुखतायत."

मी तांदळात हात घालते. अजून गारच आहेत.

"थांबा," विहीणबाई एकदम म्हणतात. त्यांचा आवाज बसलेला आहे. त्या वळतात, साडी सावरत सोप्याकडं निघतात. "थांबा हो जरा, नुसत्या तांदळानं ओटी भरत्यात का कुठं? मी नारळ आणते."